न लिहिलेला नंबर

“वय किती तुझं?”

“तेवीस.”

“कधीपर्यंत?”

मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. कोल्हापुरातनं मोटारसायकलीवर पाऊण तास उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं धूळ खात साखर कारखान्यावर पोचलेलो. भांग विस्कटलेला, शर्टाची इस्त्री मेलेली, आणि समोरच्या माणसानं हा असला प्रश्न टाकलेला. नोकरीत किती दिवस टिकणार असं विचारतायत असं समजून मी छाती काढून म्हणालो, “शेवटपर्यंत, सर.”

त्यांनी माझ्या अर्जाची घडी घातली. मग शेजारी बसलेल्या ऑफिस सुपरिंटेंडेंटना म्हणाले, “पोरगं शेवटपर्यंत तेवीसच राहणार म्हणतंय. घेऊया. असलं सापडत न्हाय कुठं.”

अशी माझी नेमणूक झाली. गुणवत्तेवर झाली असं मी घरी सांगितलं.

त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणायचा. आज त्यांच्यावर लिहायला बसलोय तरी खरं नाव लिहायला हात धजत नाही. लिहिलं असतं तर अण्णांनीच विचारलं असतं, “नाव कशाला लिहिलंस? कुणी विचारलं होतं?” ते कंप्युटर विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते, मी आणि एक एसी. एसी मशीनसाठी होता, अण्णांना गारठा सोसायचा नाही, म्हणून ते मे महिन्यातसुद्धा आत मफलर गुंडाळून बसायचे. उघडं नाक, उघडे डोळे आणि मधे जाड काचांचा चष्मा, एवढेच अण्णा दिसायचे. माणसांशी शक्यतो अरे-तुरे आणि फायलींशी अहो-जाहो. कीबोर्डवर काही टाइप करायच्या आधी ते वडीलधाऱ्याला विचारावं तसं स्क्रीनला मोठ्यानं विचारायचे, “अहो, कागल गटात खोडव्याचा ऊस किती आहे सांगा बघू.” मग टाइप करायचे. उत्तर आलं की “बरं” म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. दुसऱ्या आठवड्यात मीच एकदा “अहो” म्हणताना सापडलो.

मशीनवरचा डेटाबेस जुन्या पद्धतीचा होता. कॉलेजात आम्ही शिकलो ती चौकटींची वही होती, एका चौकटीत एकच गोष्ट. अण्णांच्या डेटाबेसात एका चौकटीत अख्खं कुटुंब राहायचं. एका शेतकऱ्याची एकच नोंद. त्याचे तीन फड, म्हणजे उसाचे तीन तुकडे, असले तर लागणीच्या रकान्यात तिन्ही तारखा एकापाठोपाठ, जातीच्या रकान्यात तिन्ही जाती त्याच क्रमानं. मी नाक मुरडलं. “अण्णा, हे मोडून नीट बांधायला पाहिजे.”

“बांध की. आधी राहून तर बघ ह्यात.”

राहिलो. आणि एकदा डिक्शनरी उघडली.

प्रत्येक फायलीला एक जोडीदार फाईल असायची, तिला डिक्शनरी म्हणायचे. तिच्यात शब्द. ‘गाव’ असं विचारलं तर डिक्शनरी सांगणार, दुसऱ्या रकान्यात बघ. ‘लागण’ विचारलं तर पाचव्यात. इथपर्यंत मलासुद्धा कळत होतं. पण काही शब्दांपुढं रकान्याचा नंबरच नव्हता. तिथं अण्णांनी स्वतः लिहिलेल्या एखाद्या छोट्या प्रोग्रामचं, म्हणजे सबरुटीनचं, नाव होतं. तो शब्द विचारला की डिक्शनरी रकान्याकडं न जाता त्या सबरुटीनला हाक मारायची, शेतकऱ्याच्या तारखा आणि जाती त्याच्या हातात द्यायची. तो तिथल्या तिथं डोकं चालवून उत्तर कानात सांगायचा आणि निघून जायचा. कागदावर मात्र असं दिसायचं, की हे उत्तर कुठंतरी आधीपासनंच लिहिलेलं होतं.

“उसाचं वय किती महिने, हे आपण कुठल्या रकान्यात ठेवतो?” मी विचारलं.

“वय कुणी लिहून ठेवतं काय, मर्दा? जन्मतारीख लिहायची. वय विचारायचं. लिहून ठेवलेलं वय उद्या सकाळी खोटं.”

मुलाखतीतल्या ‘कधीपर्यंत’चा अर्थ मला तेव्हा लागला. नोकरी लागून चार महिने झाले होते. माझ्या वेगाची कल्पना यावी म्हणून सांगतो.

अण्णा जैन. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. हंगामात कारखाना चोवीस तास धडधडत असायचा, पण अण्णांचा डबा दिवस असतानाच उघडायचा आणि दिवस असतानाच मिटायचा. त्यासाठी त्यांनी तारखांच्या एका फायलीच्या डिक्शनरीत ‘सूर्यास्त’ असा शब्द घातला होता. त्याच्यामागं एक सबरुटीन, तारखेवरनं कोल्हापूरचा सूर्य कधी मावळणार ते काढून देणारं. रोज संध्याकाळी अण्णा भाकरीचा तुकडा हातात धरून विचारायचे, “अहो, आज कधी?” स्क्रीनवर वेळ यायची, त्या हिशेबानं घास मोजले जायचे. मला ते सहन होईना. एके दिवशी घड्याळ घेऊन मी साखरेच्या गोदामाच्या गच्चीवर चढलो आणि मावळतीकडं डोळे लावून बसलो. उड्या मारत खाली आलो. “अण्णा, सापडलं! अर्ध्या मिनिटाचा फरक!”

अण्णा डब्याचं झाकण लावत होते. “कुठं उभा होतास?”

“गच्चीवर.”

“उंचावरनं सूर्य जरा उशिरा मावळतो. आम्ही खाली जेवतो.”

मी परत चढलो नाही.

आता क्रमपाळी म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. कुणाचा ऊस कुणाच्या आधी तोडायचा, ती पाळी. तयार झालेला ऊस उभा राहिला की त्याला तुरा येतो, आतनं दशी पडते, कांडी पोकळ होत जाते. म्हणून हंगामात आमच्याकडचा माणूस पोराच्या लग्नाची तारीख विसरेल, पण क्रमपाळीतला आपला नंबर झोपेतही सांगेल. आणि तो नंबर पुढं सरकवून घ्यायला काय वाट्टेल ते करेल.

अण्णांनी तो नंबर कुठंच लिहिलेला नव्हता. ‘नंबर’ हा डिक्शनरीतला नुसता शब्द होता. विचारलं की सबरुटीन प्रत्येक फडासाठी गटातल्या बाकी सगळ्या उभ्या फडांकडं बघून यायचं, कोण आधी लावलेला, कुठली जात लवकर पिकते ते पारखायचं आणि म्हणायचं, हा अमुकावा.

एकदा एक संचालक पांढऱ्याशुभ्र कपड्यात मशीनच्या खोलीत आले. मागं दोन माणसं. वयानं अण्णांपेक्षा बरेच लहान.

“अण्णा, आमच्या पावण्यांचा नंबर तेवढा पुढं घ्या.”

“घेतो की. कुठं हाय?”

“काय कुठं हाय?”

“नंबर.”

“कंप्युटरात!”

“बस इथं. तूच शोध.” अण्णांनी पावण्यांची नोंद उघडली आणि एकेक रकाना बोटानं दाखवला. नाव. गाव. गट. लागणीची तारीख. जात. क्षेत्र. “ह्यात नंबर दाखव, मी बदलतो.”

संचालक वाकून वाकून बघू लागले. “मग कागदावर कुठनं येतोय?”

“तू विचारतोस तेव्हा येतोय. विचारायचा थांबलास की जातोय.”

“मग लागणीची तारीख बदला की.”

“ती पावण्यानं सही करून दिलीया. त्याला घेऊन ये, मी खोटं लिहून दिलतं असं लिहून दे म्हण. लगेच बदलतो.”

संचालक उठले. दारात एका माणसाला म्हणाले, “ह्यो माणूस हाय का भूत?” आणि गेले. अण्णा मला म्हणाले, “नसलेली वस्तू कुणाला चोरता येत न्हाय.” एवढं बोलून मफलर सारखा केला. मी मात्र त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकलीचा गिअर तीनदा चुकवला. असं कुणी बांधू शकतं हे मला नवीन होतं. कुलूप सगळेच लावतात. ह्या माणसानं चोरायची वस्तूच ठेवली नव्हती.

माझे पराक्रम वेगळे. एकदा तीन फडांच्या शेतकऱ्याला मी सबरुटीनमधनं एकाच फडाचं उत्तर परत दिलं. तिघांची नावं घेऊन विचारलं होतं तर तिघांची उत्तरं त्याच क्रमानं द्यायची असतात, हे माझ्या गावी नव्हतं. अण्णा म्हणाले, “तीन पोरांच्या बापाला एकाच पोराचा निकाल सांगून घरी पाठवलास.” दुसऱ्यांदा, सबरुटीन चालतंय का ते बघायला मी त्याच्यात छापायची एक ओळ घातली: ‘आलो’. चाचणी झाल्यावर काढायची विसरलो. सकाळी शेती खात्यानं यादी मागितली आणि प्रिंटरनं प्रत्येक फडामागं एक ‘आलो’ छापला. खोलीभर कागद. नावं नाहीत, नंबर नाहीत, नुसतं आलो, आलो, आलो. अण्णांनी खुर्ची ओढली आणि तो गठ्ठा पहिल्या पानापासनं वाचला. खरंच वाचला. शेवटचं पान खाली ठेवून म्हणाले, “आलास ते कळलं. आता चहा पिऊन ये.”

परत आल्यावर त्यांनी नियम सांगितला, एकदाच. “डिक्शनरीनं हाक मारली म्हणून जो जातो, त्याला तोंड नसावं आणि हात नसावेत. छापायचं न्हाय, लिहायचं न्हाय, कशाला शिवायचं न्हाय. विचारलेलं ऐकायचं, कानात सांगायचं, मागं फिरायचं.”

तोंडाचा धडा मी शिकलो. हातांचा राहिला होता.

क्रमपाळीच्या यादीला रोज सकाळी पन्नास मिनिटं लागायची. एवढ्या फडांतल्या प्रत्येकासाठी बाकी सगळ्यांकडं बघून यायचं म्हटल्यावर लागणारच. व्हरांड्यात चिटबॉय तिष्ठत बसायचे. चिटबॉय म्हणजे गावोगाव जाऊन शेतकऱ्याला तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. म्हणायचं बॉय, पण आमच्यातले निम्मे नातवंडंवाले. शेती अधिकारी दर पाच मिनिटांनी डोकावून विचारायचे, “व्हतंय का?” अण्णा म्हणायचे, “विचार करतायत. घाई करू नका.”

डिसेंबरात अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरवडाभर ते घरी. खोली माझ्या ताब्यात. मी ठरवलं, कारखान्याला आपलं पाणी दाखवायचं.

माझी युक्ती अशी. रोज ताजी भाकरी भाजायची कशाला? सोमवारी भाजू, शनिवारपर्यंत खाऊ. अण्णांच्या नोंदीत तीस रकाने होते, मी एकतिसावा काढला. सबरुटीन दर सोमवारी नंबर काढणार आणि त्या रकान्यात लिहून ठेवणार, बाकीचे दिवस तिथनंच उचलून सांगणार. तपासायला सोपं जावं म्हणून त्या रकान्याला डिक्शनरीत एक नावही दिलं. म्हणजे आता टर्मिनलवर बसलेल्या कुणालाही तो रकाना बघता येत होता, आणि बघता येत होता म्हणजे बदलताही येत होता. हे ‘म्हणजे’ माझ्या डोक्यात आलंच नाही.

यादी तीन मिनिटांत निघाली. व्हरांड्यात चिटबॉय उभे राहिले. शेती अधिकाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “भावा! पन्नास मिनिटांची तीन! अण्णा एवढी वर्षं काय करत व्हते रं?” आणि मी, देवा, मी हसलो. वर म्हणालो, “जुनी पद्धत, साहेब. चालायचंच.” त्या आठवड्यात मी चाकांच्या खुर्चीसाठी अर्जसुद्धा केला.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. सकाळी दारात एक बाई उभ्या. मुरगूडच्या बाजूच्या, साठीच्या आसपास, डोक्यावरनं पदर, चपला हातात. शिपायानं एसीच्या खोलीत चपला चालत नाहीत म्हणून सांगितलं असणार, तर बाहेर ठेवायला मन झालं नसावं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दीड एकर ऊस त्याच बघायच्या, हे मला मागाहून कळलं. गावात त्यांना सगळे चाची म्हणायचे, शिपायानंही त्यांना त्याच नावानं आत सोडलं.

“बाळा, नंबर देणारं मशीन ह्येच का?”

“हेच, चाची.”

“सोमवारी चिटबॉय म्हणाला एकोणीस. आज म्हणतोय एकशे बारा. मला सांग, रांग पुढं जाती का मागं?”

मी चाकांच्या खुर्चीच्या रुबाबात, जी अजून आलेली नव्हती, म्हणालो, “चाची, चिटबॉयची ऐकण्यात चूक झाली असेल. मशीन चुकत नाही.”

“मशीन चुकत न्हाय, तर मग मी चुकले काय? तुरा आलाय उसाला. दशी पडाय लागलीया आतनं. अजून महिनाभर उभा ऱ्हायला तर चुलीत घालायचा का?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“बसा, चाची,” मागनं आवाज आला. अण्णा. काळा गॉगल, वर मफलर. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले, डॉक्टरांनी अजून पाच दिवस घराबाहेर पाऊल टाकू नको सांगितलेलं. त्यांना घरी करमत नव्हतं एवढंच कारण होतं. त्यांनी चाचींना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानंच स्क्रीनला विचारलं, “अहो, ह्यांचा नंबर सांगा बघू.”

एकशे बारा.

“ह्यांची लागण कधीची? वाच, मला दिसत न्हाय अजून नीट.”

“आडसाली. गेल्या वर्षीच्या जुलैची चार.”

अण्णांनी गॉगलमागं डोळे मिटले असावेत. बोटं हलत होती. “त्या गटात चार जुलैच्या आधीचे अठराच,” ते म्हणाले. “कालपर्यंत संपले असणार. आज ह्यांचा फड पहिला.” गटातले सगळे फड ह्या माणसाच्या डोक्यात होते. मशीन त्यांनी बहुतेक आम्हा बाकीच्यांसाठी ठेवलेलं असावं.

“ही नोंद उघड. रकाने वाच. सगळे.”

मी वाचू लागलो. एक, दोन, तीन. अण्णा मान डोलवत होते. तिसाव्या रकान्यानंतर मी थांबलो.

“अण्णा, एकतिसाव्यात एकशे बारा आहे.”

“आपल्याकडं तीसच रकाने हायत.”

मी कर्सर उगाच वर-खाली केला.

“एकतिसावा कुणाचा?”

“माझा.”

आयुष्यात मी बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. त्या वेळी एखादी मिळाली असती तर मी ती प्रसादासारखी घेतली असती. अण्णा म्हणाले, “जुनं सबरुटीन हाय का ठेवलेलं, का पुसलंस?”

“आहे.”

“त्यांना डिक्शनरीत दुसऱ्या नावानं बसव. ‘खरं’ म्हण. सोमवारची तारीख दे, आणि ह्या गटात जिथं जिथं ‘खरं’ आणि तुझा एकतिसावा जुळत न्हाईत, तेवढेच छाप.”

दहा मिनिटं लागली. चाची खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. मी प्रिंटरपुढं उभा, घामेघूम, एसी चालू असताना. शेवटी प्रिंटर दोनदा करकरला आणि थांबला. अख्ख्या गटात दोनच ओळी. पहिली चाचींची, खरा नंबर एकोणीस, लिहिलेला एकशे बारा. दुसरी अगदी उलट, खरा एकशे बारा, लिहिलेला एकोणीस. कुणीतरी दोघांची जागा अदलाबदल केली होती.

दुसऱ्या ओळीतलं नाव मी मनात वाचलं.

“मोठ्यानं वाच,” अण्णा म्हणाले.

ते नाव अण्णांच्या धाकट्या भावाचं होतं. दोघांची शेती एकत्र, निम्मा हिस्सा अण्णांचा. चाचींच्या शेजारच्याच गावात.

शेती अधिकाऱ्यांना बोलावलं. ते गॉगल बघून आधी तब्येत विचारायला लागले, मग अण्णांच्या हातातला कागद बघून थांबले. “अण्णा, देवाशपथ, एका कपाचा चहासुद्धा घेतला न्हाय कुणाकडनं. तुमचं ऑपरेशन. तुम्ही कधी कुणाला घरचं बोलणार न्हाई. म्हटलं, भावाचा ऊस तरी ह्या निमित्तानं लवकर जाऊ दे. रकाना दिसला, बदलता येतोय असं दिसलं. त्याला सकाळीच तोडणीची टोळी लागलीया.”

“तुमचं काय न्हाय,” अण्णा म्हणाले. “दार उघडं व्हतं, तुम्ही आत आलासा. दार कुणी ठेवलं?”

शाळेत करतात तसा मी हात वर केला. चाची पहिल्यांदा हसल्या.

अण्णांनी उभ्या उभ्या चार ओळी मला सांगितल्या. मी एकतिसावा रकाना सगळ्या नोंदींतनं पुसला, त्याचं नाव डिक्शनरीतनं काढलं, जुनं सबरुटीन त्याच्या जागी बसवलं. मग अण्णा चाचींना म्हणाले, “चिटबॉय तुम्हाला गाडीवरनं सोडंल. टोळी येतीया तुमच्याकडं.” आणि मला म्हणाले, “गाडी काढ.”

“अण्णा, धूळ. डॉक्टरांनी...”

“धूळ तू खा. मी मागं बसतो.”

ट्रॉल्यांमधनं वाट काढत आम्ही भावाच्या फडावर पोचलो तेव्हा दिवस वर आला होता. निम्मा फड आडवा झालेला. कोयत्यांचा आवाज, पाचटाचा उडता कचरा, बाया मोळ्या बांधतायत. अण्णा बांधावरनं तोल सावरत सरीत उतरले, तोडणाऱ्याच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि टोळीच्या मुकादमाला म्हणाले, “हितनं पुढं थांबा. पलीकडच्या गावात चाचींचा फड हाय, तिकडं चला.”

मुकादम बीडकडचा. “मालक, निम्मा ऱ्हायलाय की. संध्याकाळपर्यंत उरकतो.”

“न्हाय.”

धाकटा भाऊ धावत आला. डोक्याला टॉवेल, तोंड लाल. “अण्णा, काय लावलंय हे? मी कुणाला सांगाय गेलतो का? चिठ्ठी आली, टोळी घेतली. निम्मा फड उभा टाकून गेलात तर गाव काय म्हणंल?”

“तू खरं बोलतोयस. तुझी काय चूक न्हाय.”

“मग तोडू दे की!”

चिटबॉयची गाडी बांधावर येऊन थांबली. मागं चाची, चपला अजून हातातच. घरी जायच्या ऐवजी त्या इकडं आल्या होत्या. त्यांनी अर्धा आडवा, अर्धा उभा ऊस बघितला, भावाचा चेहरा बघितला. “अण्णा,” त्या म्हणाल्या, “सुरू केलंय तर होऊ द्या की. माझा उद्या तोडा. एका दिवसानं काय मरत न्हाय मी.”

भावानं आशेनं अण्णांकडं बघितलं. मीही बघितलं. खरं सांगू, मलाही वाटलं, घ्या की. एवढी सोन्यासारखी बाई स्वतःच्या तोंडानं म्हणतीय.

“चाची, नंबर तुमचा हाय,” अण्णा म्हणाले, “पण द्यायला तुमचा न्हाय. आज तुम्ही दिलासा, तर उद्या लोक मागाय येतील. आणि मग तुमच्यासारखीला न्हाय म्हणता यायचं न्हाय.”

चाचींनी मान हलवली. पदर सावरला, आणि इतका वेळ हातात धरलेल्या चपला खाली टाकून पायात घातल्या.

“आणि ह्यो?” भावानं उभ्या उसाकडं हात केला.  “एकशे बाराव्या नंबरापर्यंत ह्याचं खुळखुळं व्हईल, अण्णा.”

अण्णा तोडलेल्या आणि उभ्या उसाच्या मधल्या सरीत उभे होते. ते आडव्या उसाकडं बोट करून म्हणाले, “तोडलेला निम्मा तुझ्या हिश्शाचा. आजच ट्रॉली भरून लाव.” मग उभ्याकडं वळले. “उभा ऱ्हायला तो माझा. माझा एकशे बारावा हाय.”

 भावानं टॉवेल डोक्यावरनं काढला, तोंड पुसलं आणि मोळ्या उचलायला गेला. मुकादमानं हाळी दिली. कोयते खांद्यावर गेले, बायांनी पोरं काखोटीला मारली, आणि टोळी चाचींच्या मागनं, अर्ध्या उभ्या फडाला वळसा घालून, बांधाबांधानं पलीकडच्या गावाकडं निघाली. ज्याला संचालक भूत म्हणून गेले होते, तो माणूस भर उन्हात पाचटात उभा होता, गॉगलवर धूळ, पँटला पाचट चिकटलेलं.

मी म्हणालो, “अण्णा, माझं चुकलं.”  नोकरी गेली हे मी सकाळीच धरून चाललो होतो.

त्यांनी खिशातनं औषधाची इवलीशी बाटली काढली. “दर दोन तासानं घालायला सांगितलंय. वेळ टळून गेली,” म्हणाले. “घरी ही घालती. हितं तूच हायस.”

“मी? अण्णा, माझा हात...”

त्यांनी गॉगल काढला, मफलर सोडला, आणि तोंड आभाळाकडं करून तो नवा, लालभडक, पाणावलेला डोळा माझ्यापुढं उघडा धरला. मी बाटली उलटी केली. पहिला थेंब त्यांच्या गालावरनं मानेत गेला.

“डोळ्यात,” अण्णा म्हणाले. डोळा त्यांनी मिटला नाही.